लवकर निघालेली माणसं

चष्मेवाला शेजाऱ्याकडे खुर्च्या मागायला गेला तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. राग मात्र होता, आणि तो गळ्यापर्यंत आला होता.

शेजारी तंबू आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा. गल्लीत सगळे त्याला तंबूच म्हणत, आणि त्याच्या पोटाचा घेर पाहता दुसरं नाव शोधायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

"किती हव्यात?" तंबूने विचारलं.

"दोन रांगा होतील एवढ्या. आणि वर पांढरं छत."

"अरे, कोण गेलं?"

"कोणी नाही. पण गेलंय असं दाखवायचंय."

तंबूने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता गोदामाची किल्ली काढली, कारण रात्रंदिवस तोही त्याच गल्लीत राहत होता.

शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. जिथे पूर्वी गवत होतं तिथे इमारती, आणि त्या इमारतींमधली सगळी माणसं सकाळी एकाच वेळी एका टोकाला निघायची, संध्याकाळी एकाच वेळी दुसऱ्या. मोठा रस्ता तुंबला की हातातला फोन त्यांना आतली वाट दाखवायचा, आणि ती आतली वाट म्हणजे ही गल्ली. एक गाडी आली तर माणसाने अंग चोरून उभं राहावं, एवढीच तिची रुंदी. तिच्यातून रोज संध्याकाळी गाड्यांचा लोंढा यायचा. पायऱ्यांचे कोपरे उडवत, कुंड्या फोडत, हॉर्नवरचा हात न काढता. दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे कोणी घ्यायचं नाही. घेतली असती तर जणू बापाची इस्टेटच जाणार होती.

चष्मेवाल्याचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. संध्याकाळी काचा घासायला बसावं तर हाताखालचं टेबल थरथरायचं. डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर असा हलायचा की गिऱ्हाईकाची नजर अधू की भिंतच डळमळीत, हे त्याला स्वतःलाही कळेना. हे सगळं त्याने पोटात घातलं असतं. पण वरच्या खोलीत त्याची बायको होती, आणि तिला दमा होता. डॉक्टरांनी ताजी हवा सांगितली होती. ताजी हवा! कुठून आणायची, किराणा दुकानातून? खिडकी उघडली तर धूर, लावली तर घुसमट. अंधार पडायला लागला की तिच्या छातीतली शिट्टी जिन्यावरून खाली यायची, आणि खाली त्याच्या कपाळाची शीर तटतटायची.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? कचेरीत अर्ज दिले. तिथल्या साहेबाने चहा पीत सांगितलं, रस्ता सार्वजनिक आहे. त्याने पाटी लावली, कोणी वाचली नाही. लोखंडी पिंप आडवं ठेवलं, एका पोरसवदा ड्रायव्हरने ते लाथेने बाजूला केलं आणि वर विचारलं, "काका, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" त्या दिवशी तंबूने मागून मिठी मारली नसती तर चष्मेवाला तुरुंगात गेला असता.

"जित्या माणसासाठी कोणी थांबत नाही," तो त्या रात्री म्हणाला. "मेलेल्यासाठी थांबतील."

आणि थांबले की. गल्लीच्या मधोमध पांढरं छत लागलं. खाली दोन रांगा खुर्च्या, टेबलावर फुलं, एक मंद दिवा. गल्लीतली माणसं माना खाली घालून बसायची. गाडी वळून आत यायची, दिवे छतावर पडायचे आणि हॉर्न घशातच मरायचा. काच खाली व्हायची. ड्रायव्हर क्षणभर डोकं झुकवायचा आणि गाडी मागे घ्यायचा. बाप काढणाऱ्या त्या पोरानेही घेतली. चष्मेवाल्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

लोकांनी दुखवट्याच्या पाळ्या लावून घेतल्या. कोणी मांडीत मोबाइल लपवून खेळायचं, कोणी विणायचं. पलीकडचे मास्तर उत्तरपत्रिका तपासत बसत, आणि मुलांनी काय दिवे लावलेत ते वाचून त्यांचा चेहरा इतका उतरायचा, की त्यांचंच कोणी गेलंय असं वाटावं.

बायकोला मात्र हे मुळीच रुचलं नव्हतं.

"वाईट बोलूसुद्धा नये म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तर मांडूनच ठेवलंय."

"हवा येतेय ना?"

"येतेय."

"मग झालं तर."

ती उघड्या खिडकीशी झोपी गेली. तो जिन्यात उभा राहून ऐकत राहिला. शिट्टी नव्हती. फक्त श्वास, संथ, सारखा. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला रागच आला.

मग एका संध्याकाळी गल्लीत एक गाडी आली आणि मागे गेलीच नाही. कोणाला त्रास होणार नाही अशी ती भिंतीला चिकटून लागली. आतून एक म्हातारी उतरली. करडा कोट, हातात पर्स, केस नीट बांधलेले. ती येऊन मागच्या रांगेत बसली आणि तिने मान खाली घातली. तंबूला वाटलं मास्तरांच्या ओळखीची असेल, मास्तरांना वाटलं तंबूच्या. पाळी संपली, माणसं उठली, तरी ती बसूनच होती. उशिरा कधीतरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि तिच्यामागे आणखी दोन गाड्या. मग रोज माणसं थोडी थोडी वाढतच गेली. बोलत कोणी नसे. त्यांच्या अंगाला एक वास होता, फार वेळ बंद असलेल्या गाडीत येतो तसला. तापलेलं रबर, शिळा श्वास. भिंतीकडेला लागलेल्या त्यांच्या गाड्यांची इंजिनं थंड होताना टिक टिक करत राहायची, आणि ती टिकटिक काही केल्या थांबत नसे.

हळूहळू गल्लीतल्या लोकांनी पाळ्या सोडल्या. ज्याला त्याला काम निघालं. खुर्च्या मात्र रोज भरलेल्या असायच्या.

शेवटी चष्मेवालाच म्हातारीपाशी गेला.

"आजी, तुम्ही कुणाकडे आलात?"

"इथेच," ती हळू म्हणाली. "चष्मेवाल्यांकडे."

"मीच चष्मेवाला. माझ्या घरी कोणी गेलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग बसलात कशाला?"

म्हातारीने वर पाहिलं. तिचे डोळे लाल होते, पण रडून नव्हे. रात्र रात्र रस्त्यावर नजर लावून बसलेल्या माणसाचे होते. चष्मेवाल्याला डोळ्यांतलं कळायचं.

"लवकर निघालो आम्ही," ती म्हणाली. "हल्ली रस्त्यात किती वेळ जाईल, काय सांगावं... अशा प्रसंगाला उशीर झाला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही."

"कधी निघालात?"

तिने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो आठवत राहिला.

"निघालो तेव्हा ऊन होतं," तो म्हणाला. "झाडांना नुकती पालवी..."

बाहेर तेव्हा कडाक्याची थंडी होती.

चष्मेवाला घाबरला. पण घाबरला की तो चिडायचा, हा त्याचा जुना स्वभाव. त्याने टेबल लाथाडलं. फुलं सांडली. "निघा इथून! माझी बायको जिवंत आहे, वर झोपलीय! कुणाचं मरण बघायला बसलात?" एकाने खाली वाकून फुलं गोळा केली आणि पुन्हा नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने तंबूला छत काढायला आणि खुर्च्या गोदामात टाकायला लावल्या. धूर आला तर येऊ दे, म्हणाला. पण संध्याकाळी धूर आला नाही. ते आले. खुर्च्या नव्हत्या तर जिथे रांगा असायच्या तिथेच, तितक्याच अंतरावर, उभे राहिले. पुढची एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

"अहो," बायकोने खिडकीतून हाक मारली, "ही कोण माणसं? मी डोकावले तर सगळ्यांनी टोप्या काढल्या."

त्याने धावत जाऊन खिडकी लावली.

"चल, आवर. तुझ्या धाकट्या बहिणीकडे जायचंय तुला."

"आत्ता? अहो, ही काय वेळ आहे रस्त्यावर निघायची? सकाळी जाऊ."

"आत्ता म्हणजे आत्ता."

"मग तुम्हीही चला."

इथे त्याने ऐकायला हवं होतं. पण खाली ती माणसं उभी होती, त्याच्या दारात, त्याच्या बायकोच्या मरणाची वाट बघत, आणि त्यांना तसंच सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी ह्यांचा बंदोबस्त करून येतो."

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली. तो बायकोला हाताला धरून घेऊन निघाला, तेव्हा ती माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून वाट झाली. कोणी तिला स्पर्श केला नाही. टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर तो वळला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला.

"गेली," तो म्हणाला. "आता बसा माशा मारत."

ते हलले नाहीत. म्हातारी पुढे आली, तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याला पुढच्या मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं. ती जागा घरच्या माणसाची असते, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

त्याने फोन लावला.

"पुलावर आहोत," बायको म्हणाली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. "एक इंच... हलत नाही. काचा लावल्यात... तरी आत येतंय सगळं." प्रत्येक शब्दामागे ती शिट्टी होती. "पंप घेतला... दोनदा. तुम्ही... या ना."

"आलो. आलोच. बोलू नकोस तू."

तंबू स्कूटर काढून तयारच होता. दोघे गल्लीच्या तोंडाशी गेले, आणि तिथे गाड्या होत्या. पाहुण्यांच्या. एकाला एक लागून, चाकाला चाक, माणूसही आडवा निघणार नाही अशा. पलीकडे मोठ्या रस्त्यावरही त्याच, दिवे लावलेल्या, जिथवर नजर पोचेल तिथवर. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळ्या गल्लीकडे तोंड करून थांबल्या होत्या. चष्मेवाल्याने टपांवर मुठी आपटल्या, आईबाप काढले, शेवटी हात जोडले. काचेआडची माणसं त्याच्याकडे फार कळवळून बघत राहिली. कोणी गाडी मागे घेतली नाही.

फोन वाजला.

"अहो," बायको म्हणाली, "रस्ता मोकळा झाला."

मागे हॉर्न नव्हते. काहीच नव्हतं.

"काय?"

"सगळा मोकळा. पुलावर एक गाडी नाही. या वेळेला असा रस्ता मी जन्मात पाहिला नाही हो. कशी भरभर चाललेय बघा." ती हसली. एका दमात, न थांबता बोलत होती. "आणि दम मुळीच लागत नाहीये. खिडकी उघडी टाकलीय. इतकं मोकळं कधी वाटलंच नव्हतं मला."

"ड्रायव्हरला... ड्रायव्हरला फोन दे."

"तो नाही. तो मघाशीच उतरला आणि पळत सुटला. डॉक्टर डॉक्टर करून ओरडत होता बिचारा, कोणासाठी कोण जाणे."

मग गाडी कोण चालवतंय, हे त्याला विचारायचं होतं. तंबूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मागे गल्लीत म्हातारीने पर्स उघडली आणि रुमाल काढला. इतक्या दिवसांत त्या माणसांपैकी एकाच्याही डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. आता आधी ती रडायला लागली, मग तिच्या शेजारचा, मग मागची रांग, मग गाड्यांच्या काचा एकामागून एक खाली झाल्या आणि आतली माणसंही. वेळेवर पोचलेल्या माणसांचं ते मनसोक्त रडणं मोठ्या रस्त्यापर्यंत पसरत गेलं.

फोन अजून त्याच्या कानालाच होता.

"अहो," बायकोने विचारलं, "कोण रडतंय हो तिकडे?"