एका पासावर एकच माणूस

आमचं काही जमलं नाही. शेवटी तो त्याच्या वाटेने गेला आणि मी माझ्या... म्हणजे मी होते तिथेच राहिले, कारण माझी वाट म्हणजे मावशीचं झेरॉक्सचं दुकान, आणि ते हलत नाही.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. प्रेमकथा आहे, नीट बसा, पहिल्यापासून सुरू करू.

तर दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोर. चार ते सहा ही आतल्या माणसांना भेटायची वेळ. तेव्हा सगळं जग आत किंवा रांगेत असतं, कुणाला कशाचीही प्रत नको असते. ते दोन तास मी चित्रांची वही घेऊन हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसायची. समोर दिसेल तो माणूस काढायचा, जागच्या जागी, पेनने. खोडायचं नाही. घरी येऊन आठवून काढायचं नाही. हा माझा नियम होता. मावशीच्या मते तो नियम नव्हता, आळस होता.

या कामात एकच अडचण – माणसं उठून जातात. डोकं काढून खांद्यापर्यंत यावं, तर खांद्याचा मालक पसार. मग त्या जागेवर पुढचा जो बसेल त्याचं उरलेलं अंग जोडायचं. माझ्या वहीत एका आजोबांना नर्सचे पाय आहेत. आजोबांना ते शोभतात.

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता, म्हणून मी पोर्चखाली उभी राहून काढत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो... हे डोकं माझं आहे ना?"

मी वहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. केसांवर पावसाचे थेंब, हातात डबा, डाव्या भुवईत एक छोटासा व्रण. व्रण वहीतही होता.

"हो," मी म्हटलं.

"मग या चपला कुणाच्या?"

"तुम्ही उठून गेलात. तिथे एक बाई येऊन बसल्या."

"आणि हे पोट?"

"पोटही त्यांचंच... सातवा महिना असावा."

तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. मला वाटलं, आता भांडणार. पण तो हळूच म्हणाला, "याचा एक फोटो काढू? वर बाबा आहेत. महिना झाला, हसले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो परत आला, समोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "बाबा हसले. आता माझे मला पाय द्या."

पाय द्यायला आठ दिवस लागले. कारण तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा आणि हॉस्पिटलची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आचका द्यायची. आचका ऐकू आला की तो ताडकन उठायचा.

"बसा ना!"

"ऐकलंस? लिफ्टला रुळावर धरतो तो गाइड शू झिजलाय."

"माझं पेन झिजलंय."

"मग उद्या परत येतो," तो म्हणायचा, आणि बघायचा... असा बघायचा की मी त्याचं नाक तीनदा चुकवलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

दुकानात मावशी विचारायची, "काय गं, अजून तोच माणूस? एवढ्यात मी आख्खी वरात काढली असती."

"तो हलतो, मावशी."

"हलतो तो. आणि कान लाल होतात तुझे."

एक गोष्ट मात्र मी मावशीलाही सांगितली नाही. त्याचे बाबा बरे झाले की तो यायचा थांबणार होता. म्हणून मी रोज मनात म्हणायची, बरे होऊ देत त्यांना... पण एवढी घाई नको. प्रेमात माणूस किती नीच होतो, यावर कुणी लिहीत नाही.

मग एक दिवस तो म्हणाला, "बाबांचं चित्र काढशील? त्यांचा एक धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ओळखपत्रावरचा चेहरा करतात. आणि आता काढला तर नाकातल्या नळ्या येतात."

"नळ्या मीही काढीन. दिसतं ते काढायचं, असा—"

"नियम. माहितीये. काढ नळ्या. पण बाबाही येतील ना."

पण हॉस्पिटलचाही एक नियम होता. वॉर्डांकडे जाणाऱ्या आतल्या फाटकावर लाल अक्षरांत लिहिलेला – एका पासावर एकाच व्यक्तीस प्रवेश. म्हणजे मी वर गेले की त्याने खाली थांबायचं. त्याने हिशेब केला, चार ते पाच तू, पाच ते सहा मी. स्वतःचा अर्धा वेळ त्याने मला देऊन टाकला. मी घेतला. तेव्हा मला ते फार गोड वाटलं.

"नातं?" फाटकावरच्या वॉचमनकाकांनी विचारलं.

"पुतणी."

बाबा तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, तीन उशांना टेकून बसलेले. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. मी सांगितलं, "खाली मी तुमची पुतणी आहे म्हणून सांगितलंय."

"मला भाऊच नाही," ते म्हणाले. मग श्वास गोळा केला. "असू दे. या वयात आयती पुतणी मिळतेय, नाही कशाला म्हणा."

ते कधी माझ्याकडे बघायचे, कधी वहीकडे. "कंबर चुकली. बसला की माणूस कमरेत दोन बोटं वाढतो. शिंपी माप घेतो उभ्याचं, म्हणून बसल्यावर सगळे आवळलेले दिसतात."

"बरोबर करते."

"माझ्या पोराचं माप घेतलंस?"

"स्थिर बसत नाही."

"लहानपणापासून. त्याच्या एका शर्टाच्या दोन बाह्या कधी सारख्या आल्या नाहीत." ते हसले, नळ्या हलल्या. मी हसण्याची रेघ धरली. तेवढी एक रेघ मला आयुष्यात बरोबर आली आहे.

चार दिवसांत चेहरा झाला, खांदे झाले. गुरुवारी फक्त हात उरले होते.

गुरुवारी तो बाकावर फारच नीट बसला होता. इस्त्रीचा शर्ट.

"आज बाबांना एक गोष्ट सांगायचीय," तो म्हणाला.

"कुठली?"

"आधी त्यांना. मग तुला."

"माझ्याबद्दल आहे?"

"लिफ्टबद्दल आहे," तो म्हणाला, आणि लिफ्टने आचका दिला तरी उठला नाही.

मी वर गेले ते जिन्याला पाय न लावता. शिंप्याचे हात काढणं सोपं नसतं. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा, बोटांच्या टोकांना सुई टोचल्याच्या जुन्या खुणा. पाच वाजले. फोन वाजला.

"येऊ?"

"पाच मिनिटं... हात राहिलेत."

तो म्हणाला, "बरं. सावकाश कर."

बाबा वहीकडे बघत होते. म्हणाले, "बाही आखूड झाली."

मी बघितलं. खरंच आखूड होती. मान खाली घालून मी ती मनगटापर्यंत आणली, बटण काढलं, बटणाची चार भोकं काढली. वर बघितलं, तर बाबा इतके स्थिर होते, इतके सुंदर स्थिर, माझ्यासमोर आजवर कुणीच तसं राहिलेलं नव्हतं. आणि – हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – मला आधी बरं वाटलं. मी अंगठा काढून घेतला.

मग कळलं.

नर्स धावत आल्या, त्यांनी मला बाहेर काढलं. पास माझ्या मुठीत होता. पासाशिवाय त्याला वर सोडणार नव्हते. मी तीन मजले खाली पळाले. तो फाटकाशीच उभा होता, शर्टाची कॉलर सारखी करत. मी पास पुढे केला.

त्याने हसून विचारलं, "झाले हात?"

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. मृत्यूच्या दाखल्याच्या वीस प्रती हव्या होत्या. मावशी उठून आतल्या खोलीत गेली. गिऱ्हाईक समोर असताना मावशी उठण्याची ही पहिलीच वेळ.

यंत्राचा उजेड इकडून तिकडे जात राहिला. सातव्या-आठव्या प्रतीला त्याने विचारलं, "काही बोलले का... शेवटी?"

"बाही आखूड झाली, म्हणाले."

तो हसला. एकदम, खूप मोठ्याने. हसता हसता त्याने काउंटरवर कपाळ टेकलं, आणि मग तो हसत नव्हता. मी त्याच्या केसांपर्यंत हात नेला, आणि परत घेतला.

"त्या दिवशी मी सांगणार होतो त्यांना," तो काउंटरलाच म्हणाला, "की ही पुतणी नाही. हिला सून करायचीय."

"त्यांना माहीत होतं."

"असेल. मला सांगायचं होतं."

मी गल्ल्याखालून वही काढली. "चित्र घेऊन जा. पूर्ण झालंय."

त्याने पान उघडलं. बराच वेळ बघितलं. "छान आहे गं. अगदी तेच आहेत." मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "पण हे बघितलं की वाटतं... तू तिथे होतीस."

"होते."

"तेच."

"मी पाच मिनिटं मागायला नको होती."

"मी दिली ना. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती." त्याने प्रतींचा गठ्ठा उचलला, कडा ठोकून सारख्या केल्या. "तुझा राग नाही. शप्पथ. पण या रस्त्याने मला परत येता येणार नाही."

"मग मी दुसऱ्या रस्त्यावर भेटते... कुठेही. शहर मोठं आहे."

"तू आलीस की हा रस्ता येतो बरोबर," तो म्हणाला.

दारात तो थांबला, वळला. माझ्याकडे असं बघितलं, की मी पेन घेऊन सुरुवात केली असती तर या वेळी नाक चुकलं नसतं. मी पेन घेतलं नाही. रस्ता ओलांडून तो गेला – दाराशी एक क्षण, फुटपाथवर एक क्षण, मग गर्दीत कुणाचे तरी खांदे, कुणाच्या तरी पिशव्या.

संध्याकाळी मावशीने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "रड तरी, कार्टे." मी कोरा कागद घेतला.

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक यांस,

विषय : एका पासावर दोन व्यक्तींस प्रवेश मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, तिसरा मजला, खाट क्रमांक अकरा येथील रुग्णाच्या पासावर गुरुवार, सायंकाळी पाच ते पाच वाजून पाच मिनिटे एवढ्याच कालावधीकरिता, पूर्वलक्षी प्रभावाने, रुग्णाच्या मुलास प्रवेश मंजूर करण्यात यावा. सदर व्यक्ती फाटकाजवळ हजर असून तिला रुग्णास एकच वाक्य सांगावयाचे आहे. दोघांस एकाच वेळी सोडणे नियमात बसत नसल्यास अर्जदार स्वतः खाली थांबण्यास तयार आहे. तरी सदर व्यक्तीस वर सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.