उत्तरेचं ऊन

टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नसेल तर अंगण मोजणं ही निव्वळ फजिती असते. एका टोकावर वीट ठेवायची, दुसरं घेऊन पळायचं, आणि भिंतीपाशी पोचेपर्यंत वीट कलंडून टेप सरसरत परत आपल्याच पायाशी! त्या सकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या एका कॉन्डोत, तळमजल्याच्या फ्लॅटमागच्या अंगणात माझं हेच चाललं होतं. वरून जानेवारीचा पाऊस — धड पडेना, धड थांबेना. तेवढ्यात काचेचं दार सरकलं आणि एक उंच, सावळा माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"प्लीज, होल्ड धिस," मी त्याच्याकडे न बघताच टेपचं टोक पुढे केलं.

त्याने कप कठड्यावर ठेवला आणि निमूट टोक धरलं. लांबी झाली, रुंदी झाली, भिंतीची उंची झाली. ओल्या कागदावर माझं पेन उमटेना, तर आतून पेन्सिल आणून दिली. मला काम करताना स्वतःशीच बडबडायची वाईट खोड आहे, आणि ती बडबड अर्थातच मराठीत. "काय मेलं अंगण आहे... गंजकी सायकल, वाळत घातलेले बॉयलर सूट... इथे माणूस राहतो की गॅरेज आहे हे?"

"माणूस राहतो," तो म्हणाला.

शुद्ध मराठीत! माझ्या हातून टेप सुटली.

"तुम्ही... हे मिसेस टॅनचं घर ना? पंधरा नंबर ब्लॉक?"

"पंधरा पलीकडे. हा तेरा."

"अहो, मग सांगायचं नाही का? अर्धा तास भिजतेय मी!"

"तुम्ही विचारलंत कुठे? धरा म्हणालात, धरलं."

चेहरा अगदी गंभीर. फक्त ओठांचा डावा कोपरा जरासा हलला होता. मला हसावं की त्याचा चहा त्याच्याच डोक्यावर ओतावा, ते कळेना. मी वह्या-पेनं गोळा केली, सॉरी-बिरी पुटपुटले आणि तिथून अक्षरशः पळाले.

पुढच्या आठवड्यात त्याचा ऑफिसात फोन आला. टेप त्याच्याकडेच राहिली होती आणि तिच्यावर ऑफिसचा नंबर होता. "माप घेतलंच आहे तुम्ही," तो म्हणाला, "तर माझंही अंगण करून टाका."

त्याचं नाव धनेश खवणेकर. मूळचा मालवणचा, मरीन इंजिनिअर, बारा वर्षं जहाजांवर. आत्ता सुट्टीवर होता आणि मे महिन्यात पुढचं जहाज होतं. मी किमया. पुण्याहून सिंगापूरला येऊन मला जेमतेम सात महिने झाले होते. घरं आणि बागा एकमेकांत मिसळून देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये काम करत होते, आणि धनेशचं अंगण हे माझं पहिलं स्वतंत्र काम. बॉस, मिसेस लिम, चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "युवर बेबी, ओके? डोन्ट ड्रॉप."

माझी कामाची एक रीत आहे. कागदावर रेघ मारायच्या आधी मी घरातल्या माणसाला विचारते, तुम्ही चहा कुठे पिता? आणि तिथेच जाऊन बसते. तिथून जे दिसतं, तिथून बागेची सुरुवात.

धनेशने मला स्वयंपाकघरात नेलं आणि सिंकसमोर उभं केलं. समोर पांढऱ्या टाइल्स.

"इथे? उभ्याने? भिंतीकडे तोंड करून?"

"सवय."

"कसली सवय?"

"इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते. खिडकी नसते."

"म्हणजे बारा वर्षं समुद्रावर राहून समुद्र बघितला किती?"

तो विचारात पडला. "जेवायच्या सुट्टीत," म्हणाला.

मला त्याक्षणी त्याच्याबद्दल इतकं कुतूहल वाटलं, की विचारता सोय नाही. हा माणूस काय बघतो, काय बघायचं राहून गेलंय, हे सगळं मला जाणून घ्यायचं होतं. बागेसाठी हो... बागेसाठीच. निदान माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तन्वीला तरी मी तेच सांगितलं. तन्वी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे, माणसाचा चेहरा बघून ताप ओळखते. ती म्हणाली, "बागेसाठी आज कानातले घातलेस वाटतं?"

"तुम्हाला काय हवंय नक्की?" मी धनेशला विचारलं.

"मी सहा महिने नसतो. माझ्यावाचून जगेल असं काहीतरी."

मी खूप मन लावून आराखडा काढला. हॉलची फरशी आणि बाहेरचा लाकडी डेक एका पातळीत — घर कुठे संपलं आणि अंगण कुठे सुरू झालं, ते पायाला कळता कामा नये. कुंपणापाशी कुणीतरी लावलेला बांबूचा पडदा काढून टाकायचा, म्हणजे मागच्या रस्त्यावरचे मोठाले रेन ट्री थेट घरात येतील. पावसाचं पाणी खडीतून झिरपून जाईल, कारण इथे पाणी साचलं की डास आणि डास झाले की दंड. आणि अंगण उत्तरेचं, बिल्डिंगच्या थंडगार सावलीतलं, म्हणून भिंतीला लागून नेच्यांची हिरवीगार रांग.

धनेशने कागद बराच वेळ न्याहाळला. नेच्यांच्या रांगेवर त्याचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं...

"काय?"

"छान आहे," तो म्हणाला.

बांबूचा पडदा निघाला त्या दिवशी रेन ट्रीच्या फांदीवर भली मोठी पिवळी चोच घेऊन एक पक्षी येऊन बसला. मी ओरडलेच, "अहो, बघा! धनेश!"

"ओ," तो आतून म्हणाला.

"तुम्ही नाही हो! तो... पक्षी!"

तो बाहेर आला. माझ्या अगदी शेजारी उभा राहून वर बघू लागला. "माझी चोच बरी आहे त्याच्यापेक्षा," शांतपणे म्हणाला.

"पण तो निदान आवाज तरी करतो," मी म्हटलं. तो हसला, पहिल्यांदाच दात दाखवून. मला तो आवडायला लागला होता. उगाच आडवळणाने कशाला सांगू? फार आवडायला लागला होता. काम असो-नसो, मी दर शनिवारी जात होते, आणि तो दर शनिवारी दोन कप चहा टाकत होता.

मार्चच्या शेवटी बाग पुरी झाली. त्याच संध्याकाळी डेकवर बसून तो म्हणाला, "तुआसच्या एका शिपयार्डमध्ये किनाऱ्यावरची नोकरी देताहेत मला. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सांगायचंय. नाहीतर मेमध्ये जहाज."

"मग? काय ठरवलंत?"

"बघू."

बघू! हा असा शब्द आहे ना, की ऐकला की माझं डोकंच फिरतं. मी चपला घातल्या आणि सरळ बसस्टॉप गाठला. बोलायला काय पैसे पडतात या माणसाला? 'राहतो' म्हण, नाहीतर 'जातो' म्हण, दोन्ही दोन-तीन अक्षरीच शब्द आहेत. मी विचारणार नव्हते. मी त्याची कोण? अंगणवाली! तीन आठवडे मी त्याच्या घराकडे फिरकले नाही.

मग मिसेस लिमना वेबसाइटसाठी त्या बागेचे फोटो हवे झाले. फोन न करताच गेले. बाजूचं फाटक ढकललं आणि जागच्या जागी उभी राहिले. माझ्या नेच्यांच्या रांगेवर छत्र्या होत्या. काळ्या, निळ्या, बँकेच्या जाहिरातीची एक लाल. मधल्या फटींवर दोरी बांधून बॉयलर सूट पसरलेले. आणि ऊन? ऊन रणरणत होतं, थेट समोरून! एका छत्रीखाली वाकून धनेश पानांवर पाणी शिंपडत होता. टोकाचे दोन नेचे तर पार करपून गेले होते.

"हे काय आहे?" माझा आवाज चिरकला.

तो दचकून उभा राहिला. "तुम्ही आज... कळवलं नाहीत."

"इथे ऊन कसं? ही उत्तरेची बाजू आहे!"

"मार्चनंतर सूर्य उत्तरेला येतो," तो अगदी हळू म्हणाला. "आपण विषुववृत्ताला चिकटून आहोत ना. सहा महिने या बाजूने, सहा महिने त्या बाजूने."

मी मटकन खाली बसले. पुण्यात उत्तरेची खोली म्हणजे गारवा. कॉलेजपासून हात तेच गिरवत आला होता. देश बदलला, पासपोर्टवर शिक्का पडला, पण माझ्या डोक्यातला सूर्य अजून पुण्यातच उगवत होता! मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण त्याआधी एक गोष्ट लख्ख आठवली — कागदावर थांबलेलं त्याचं बोट.

"तुम्हाला हे कधी कळलं होतं?"

तो वाकून पुन्हा पानांवर पाणी शिंपडू लागला.

"आराखडा बघितलात तेव्हाच ना? फेब्रुवारीत?"

"हो."

"आणि म्हणालात काय? छान आहे!"

"तुम्ही इतक्या खूश होतात..." तो म्हणाला. "म्हटलं, सांगितलं तर वाईट वाटेल तुम्हाला."

"मग वाटू दे की! माझं वाईट मला वाटून घेऊ दे! कागदावर रबराने खोडलं असतं मी. आता ही जिवंत झाडं करपली. आणि मेमध्ये तुम्ही निघून जाल तेव्हा या छत्र्या कोण धरणार होतं?"

"तोच विचार करतोय," तो म्हणाला. "म्हणजे... त्यासाठी म्हणून थांबता येईल."

मला इतका राग आला, इतका राग आला! तो थांबावा असं मला रात्रंदिवस वाटत होतं, आणि हा थांबणार होता कशासाठी, तर चार नेच्यांसाठी. "खबरदार!" मी म्हणाले. "माझ्या चुकीवर छत्री धरायला कुणी आयुष्य बदलायचं नाही. ऐकलंत?"

तिथूनच मिसेस लिमना फोन लावला. फोटो मिळणार नाहीत, मी सूर्य चुकवलाय, असं सरळ सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आय्यो, किमया. सन ऑल्सो मस्ट चेक, ला. फिक्स इट बाय मंडे." आणि फोन ठेवला.

रविवारी पहाटेच मी कामाला लागले. नेचे काढले आणि बिल्डिंगच्या जिन्याच्या आडोशाला, जिथे दोन्ही ऋतूंत सावली राहते, तिथे लावले. या वेळी दोनदा तपासून. उत्तरेच्या भिंतीशी उन्हाला न भिणारी झाडं आणली: बोगनवेल, आणि एक चांगला पुरुषभर उंचीचा चाफा. धनेशने माती उपसली, कुंड्या वाहिल्या, ठिबकच्या नळ्या जोडल्या. दिवसभरात आम्ही 'इकडे धरा' आणि 'जपून' याखेरीज एक अक्षर बोललो नाही. चाफा खड्ड्यात उतरवताना त्याचा हात माझ्या हातावर आला आणि काम संपलं तरी तो लगेच काढला गेला नाही... मीच खुरपं शोधायचं निमित्त केलं.

संध्याकाळी सगळं आवरलं. छत्र्या मिटून कोपऱ्यात ठेवल्या. गार वारा रेन ट्रीतून थेट हॉलपर्यंत येत होता.

"झालं," मी हातावरची माती झटकत म्हणाले. "आता ही बाग तुमच्यावाचून खुशाल जगेल. थांबायला कसलीही सबब उरली नाही. उद्या सोमवार. तुआसला काय सांगणार?"

"ब—"

"बघू म्हणालात तर ही कुंडी फेकीन!"

तो डेकच्या कडेला बसला. चिखलाने भरलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला. मीही बसले, थोडं अंतर ठेवून.

"इंजिनरूममध्ये आवाज फार असतो," तो म्हणाला. "कानांवर आवाज अडवणारे मफ लावलेले. बोललेलं काही ऐकूच येत नाही. सगळं खुणांनी चालतं. बारा वर्षं तेच केल्यावर बोलायची सवय मोडते हो. चूक दिसली की बोलण्याआधी हात पुढे जातो, दुरुस्त करायला." थांबला. परत सुरू झाला. "पहिल्या दिवशी चुकीचा ब्लॉक म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही गेला असतात. म्हणून टेप धरून उभा राहिलो. उन्हाचं सांगायला हवं होतं, ते चुकलंच माझं. पण आता सांगतो, सगळं सांगतो. मला जहाजावर जायचं नाहीये. नेच्यांसाठी नाही. मी उद्या तुआसला हो सांगणार आहे, तुम्ही मला नाही म्हणालात तरी. तुमच्यावर त्याचं ओझं नको. पण किमया... तुम्ही आलात की मला या घरात राहावंसं वाटतं. तुम्ही गेलात की मी पुन्हा सिंकसमोर जाऊन उभा राहतो. मला तुम्ही फार आवडता. खूप आधीपासून. आणि यापुढे काही लपवणार नाही, तुम्हाला वाईट वाटलं तरी."

एवढं बोलून त्याला धाप लागल्यासारखी झाली.

आणि मी? बालवाडीपासून बडबडीबद्दल वर्गाबाहेर उभी राहिलेली मी... मला शब्दच सापडेना. डोळे भरून आले, ओठ हलले, आवाज म्हणून काही फुटेना.

"काहीतरी बोल ना," तो घाबरून म्हणाला. "नाही असेल तर नाही म्हण. पण बोल."

मी मान हलवली. बोलता येत नाहीये, असं सांगायचा प्रयत्न केला, तर त्याचा चेहराच उतरला. मग मी सरकून मधलं अंतर मिटवलं आणि मातीने माखलेला माझा अंगठा त्याच्या नाकासमोर उंच धरला. इंजिनरूममध्ये त्याचा अर्थ काय होतो, देव जाणे. त्याला बरोब्बर कळला.