तीन वाजताची दहा मिनिटं

वालीवच्या बॅगांच्या कारखान्याच्या फाटकाशी जागृती उभी राहिली, तेव्हा आर्या तिच्या कडेवर झोपून गेली होती. सकाळपासूनचं हे चौथं फाटक. आधीच्या तिन्ही ठिकाणी शिवण येते का, हे कोणी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांच्या पोरीकडे बघून म्हणाले होते, "कळवू."

इथला राखणदार तुळशीदास काका निदान बोलला तरी.

"अर्धा तास शिवून दाखवाचं. पन पोरीला आत नाय नेता येनार, बाय. मशिनी हायेत."

जागृतीनं पोरीला घट्ट धरलं. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. चांदीपला माहेरी भावाचंच भागत नव्हतं, तिथे आणखी दोन तोंडं कुठे नेणार?

"माझ्याकडे द्या."

फाटकाजवळच्या बाकावर एक माणूस बसला होता. निळा सदरा, बोटांना ग्रीसचे डाग, आणि शेजारी चारेक वर्षांचा मुलगा.

"ओळख ना पाळख," जागृती म्हणाली.

"मी सुमेध. इथली मशिनं दुरुस्त करतो. हा माझा वेदांत. झाली ओळख."

"आणि रडली तर?"

"दोघं मिळून रडतील. मला सवय आहे."

काकानं मान डोलावली, म्हणून ती आत गेली. बॅगेला चेन लावली, शिवण सरळ आली. बाहेर येऊन बघते तर आर्या त्याच्या खांद्यावर तशीच झोपलेली. त्याची एक बाही लाळेनं ओली झाली होती.

"हात बधिर झालाय," तो हळूच म्हणाला, "पण हलवला असता तर... उठली असती."

काम मिळालं. पहिली पाळी, सात ते तीन. महिन्यात तीनदा उशीर झाला तर नाव कमी.

सुमेधची दुसरी पाळी होती, तीन ते अकरा. बायको वारल्यापासून वेदांतला शेजारीण सांभाळायची, आणि ती आता कायमची गावी निघाली होती. दोघांची अडचण एकच, वेळ मात्र उलटी. त्याच बाकावर ठरलं. सकाळी पावणेसातला जागृतीनं दोन्ही मुलं त्याच्या हाती द्यायची, दुपारी तीनला त्यानं ती तिच्या हाती द्यायची. रात्री वेदांत तिच्याकडेच झोपणार. तीनच्या पाळीला आत जायला दहा मिनिटांची सूट होती. काय बोलायचं ते तेवढ्यात.

"आर्यानं आज खिचडी खाल्ली नाही."

"तुम्ही केली होती?"

"हो."

"मग पोरीचं चुकलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या पिशवीत त्याच्यासाठी भाकरीभाजीचा डबा येऊ लागला. श्रावणात एकदा सर आली, तेव्हा चौघं एका छत्रीखाली उभे राहिले. तिनं छत्री मुलांवर धरली होती. त्यानं हळूच दांडा तिच्याकडे कलवला आणि स्वतः भिजत राहिला.

भाद्रपदात एकदा आर्याच्या केसांची वेणी घातलेली दिसली. जरा वाकडी, पण पक्की.

"कोणी घातली?"

"मी. बॅगेचे तीन पट्टे गुंफतात तशीच की. फक्त पट्टा ओरडत नाही."

जागृती हसली. कितीतरी दिवसांनी असं मोकळं हसू आलं. त्या रात्री तिनं ती वेणी सोडली नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी सुमेध मुलांना घेऊन फाटकाशी आला.

"सोमवारपासून मला पहिल्या पाळीत टाकलंय," तो म्हणाला.

जागृतीला लगेच कळलं. दोघं आत, तर मुलं कुठे? एकाला काम सोडावं लागणार.

"मी दुसरीकडे बघतो."

"तुम्ही कशाला... मी सोडते."

"आणि पुन्हा फाटकं हिंडणार?"

बोलता बोलता दहा मिनिटं उलटून गेली. त्या दिवशी सुमेधच्या नावावर पहिला उशीर लागला.

वालीव नाक्यामागे बचत गटाच्या बायकांनी पाळणाघर काढलं होतं. साडेसहाला उघडायचं. तिथे एकच जागा उरली होती. शनिवारी ते चालवणाऱ्या चंद्रकांता मावशीनं दोघांनाही बोलावून घेतलं आणि वही पुढे केली.

"काल सकाळी हा आर्याचं नाव लिहून गेला. संध्याकाळी तू येऊन वेदांतचं लिहिलंस. माझं पोर घ्या म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले. दुसऱ्याचं घ्या म्हणणारे तुम्हीच भेटलात."

जागृती त्याच्याकडे वळली. "वेदांतचं काय करणार होतात?"

"आणि तुम्ही आर्याचं?"



"बरं," मावशी म्हणाली, "दोघांना घेते. पण मुलं वाढली की हात कमी पडतात. सुटल्यावर एकानं तासभर इथे कामाला लागायचं. कोणी, ते तुमचं तुम्ही ठरवा."

सोमवारी तीनला दोघं फाटकाबाहेर आले. सवयीनं पाय बाकाशी थांबले. सुमेधचे हात नकळत पुढे झाले, तसेच तिचेही. चारही हात रिकामे.

"आज द्यायला काही नाही," ती म्हणाली.

"काल रविवार असून तीनला मी दारात येऊन उभा राहिलो. वेदांत म्हणाला, कोण येणारे?" तो थांबला. आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "मुलांची सोय झाली, जागृती... माझी नाही झाली."

नाक्यावरून एक टेम्पो धूळ उडवत गेला. जागृतीच्या डोळ्यांपुढे ती वाकडी वेणी आली, आणि पहिल्या दिवशीचा तो न हललेला हात. मग तिनं त्याच्या काळवंडलेल्या तळव्यात आपला हात ठेवला.

"मावशीकडे कोण जाणार ते ठरवायचं होतं," ती म्हणाली. "दोघं जाऊ."

सुमेध बाकावर बसला, ती शेजारी बसली. हात सुटले नाहीत.

बऱ्याच वेळानं तुळशीदास काका खाकरला.

"दहा मिनटं होऊन गेली रं."

"होऊ द्या, काका," जागृती म्हणाली.