रिकाम्या वाटीचं टेंगूळ

आमच्या यंत्रात नखाएवढ्या दोन ॲल्युमिनियमच्या वाट्या बसतात. एकीत नमुना, दुसरी रिकामी. दोन्ही एकदम तापवायच्या. नमुन्याने अवस्था बदलली की पडद्यावरच्या सरळ रेषेला उंचवटा येतो. धाकटी त्याला टेंगूळ म्हणायची.

धाकटी म्हणजे माझी बहीण. कॉम्प्युटरच्या मेमरीसाठीचा मिश्रधातू तिने शोधला, बरोब्बर एकशे बेचाळीस अंशांवर बदलणारा. ती तापाने गेली आणि शोधनिबंध मी माझ्या एकटीच्या नावावर छापला. मेलेल्या माणसाला बढती थोडीच मिळते!

आता तपासणी मंडळाला नव्या मोजणीचे तीन आलेख हवे होते. नाहीतर निबंध मागे, आणि प्रयोगशाळाही हातची गेली.

नमुना ठेवला. रेषा सपाट. चार वेळा केलं, सपाटच. यंत्र बिघडलं का पाहावं म्हणून दोन्ही वाट्या रिकाम्या ठेवल्या.

एकशे बेचाळीसला टेंगूळ आलं. चांगलं ठसठशीत.

वाट्या बदलल्या, आतून सगळं पुसलं, पुन्हा रिकाम्याच ठेवल्या. आलं, पण निम्मं.

संध्याकाळी आईचा फोन आला. रोज ती एकच विचारायची, धाकटीचं नाव का नाही घातलंस. आज म्हणाली, "तुझ्या हाताखाली एक मुलगी होती ना गं? नाव अगदी ओठांवर आहे बघ."

"आई, धाकटी!"

"हां, तीच. यायची कधीमधी आपल्याकडे."

वय झालंय तिचं, असं मी स्वतःला समजावलं. पण निम्मं झालेलं टेंगूळ डोळ्यांपुढून हलेना. खरं तर मला कळलं होतं, दर टेंगळागणिक धाकटी पुसली जात होती. कळूनही सकाळी जाऊन मी यंत्राचं झाकण उघडलं आणि पुन्हा रिकाम्या वाट्या ठेवल्या. माझ्याकडे दोनच आलेख होते.

एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस.

इवलंसं टेंगूळ आलं आणि विरलं.

चौथ्यांदा काहीच आलं नाही.

नमुन्याचे म्हणून तिन्ही आलेख पाठवले. मंडळाने ते मान्य केले. लाज वाटली, तरी पहिला फोन आईलाच केला.

"छान झालं गं. एकुलती एक लेक, पण नाव काढलंस."

मी यंत्राचं झाकण लावून टाकलं.

"बरी आठवण झाली," आई म्हणाली, "तुझ्या खोलीत आपण दोन खाटा कशाला गं ठेवल्यात? एक देऊन टाकते."