तानाबाईंची भिंत

मला सगळं जसंच्या तसं आठवतंय का, याची शंकाच आहे, पोरांनो. पण नंदिनी आमच्या शेजारची, आणि तिनंच हे मला सांगितलेलं.

२०१९ची सर्वपित्री अमावास्या. राजारामपुरीतलं त्यांचं घर विकायला काढलं होतं. संध्याकाळी मोहित नावाचा मुलगा जाहिरातीचे फोटो काढायला यायचा होता. पुण्याचं गिऱ्हाईक ते बघून रात्रीच हो-नाही कळवणार होतं. नंदिनीला त्या घरात आता दिवस काढवत नव्हता.

कारण हॉलमधली ती भिंत. सासूबाई, तानाबाई, तिला डोकं टेकून जमिनीवर बसायच्या. बसल्या बसल्याच गेल्या. मागं राहिला काळपट, चिकट डाग. माक्याचं तेल, घाम, कोंडा. नंदिनीनं सोड्याच्या पाण्यानं घासला, तर बोटांना साय आली आणि सायीत पांढरे केस. मोरीत जाऊन ती ओकली.

नवरा अमरसिंह म्हणाला, "मार की वरनं रंगाचा हात. फोटोत वास येतोय व्हय?"

त्या दिवशी आईचा म्हाळ, म्हणजे श्राद्ध. पण ओटा फोटोसाठी लखलखीत हवा, म्हणून चूलच पेटली नव्हती. नंदिनीनं नैवेद्याच्या पानाची आठवण करून दिली, तर तो हसला.

"फोटो झाल्यावर ठेवू की पान. आई कुठं पळून चाललीया?"

दिवेलागण झाली. मोहितनं हॉलचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत राहिला.

"वहिनी… भिंत पुसून घेता का?"

दुपारीच रंग मारलेली भिंत पांढरीशुभ्र होती. फोटोत डाग होता.

त्यानं पुन्हा काढला. डाग ओला. ओघळ आलेला.

पुन्हा काढला.

फोटोत डाग नव्हता.

नंदिनीनं सुटकेचा श्वास टाकला… आणि मानेवरून काहीतरी ओघळलं. कोमट. तिनं केसांत हात घातला. हात तेलानं माखला. बोटांना पांढरा केस गुंडाळलेला.

ती केसांना कधीच तेल लावत नसे.



तोच शेवटचा फोटो गेला. घर विकलं. कळंब्याला नवा फ्लॅट घेतला. तेव्हापासून दर सर्वपित्रीला पान न चुकता ठेवतात.

परवा, इतक्या वर्षांनी, मी त्यांच्या त्या फ्लॅटवर जाऊन आलो. त्या घरात जमिनीवर कुणी बसत नाही. तरी हॉलच्या भिंतीवर, बसल्या बाईचं डोकं टेकेल तिथं, डाग होता. चष्मा पुसून पाहिलं. मग बोट लावलं.

ओला होता. माक्याचाच वास.