सांडलेलं पाणी

शेकोटीला सरका जरा. ही ऐकीव गोष्ट न्हाई. आमच्या शेजारचा संगमेश, त्याच्यासंगं घडलेलं हाय. मागच्या साली, वेळा अमावस्येच्या, म्हंजी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या अवसेच्या सांजंला.

संगमेशचं केजला पेढ्याचं दुकान. बहिणीचं लगीन निघालं, म्हनून जंगलाच्या कडंच्या वाड्यावस्त्यांवर खवा सांगाया गेलता. गडी लई तोऱ्याचा. कुठंच गाडीवरनं उतरायचा न्हाई. रस्त्याला नाक मुरडायचा, गोठ्याला नाक मुरडायचा, मानसाकडं तर बघायचाच न्हाई. "शेनात जन्मले, शेनातच मरतेत," म्हनायचा. अन् त्याच मानसांचा खवा विकून पोट सुटलेलं बरं का त्याचं!

शेवटच्या वस्तीवर पोचला तवर दिवस बुडाला. सगळी दारं बंद. एका ओट्यावर तेवढी म्हातारी बसलेली. तिनं तांब्या पुढं केला.

"लांबून आलास बाबा. पानी पी."

संगमेशनं तांब्या घेतला, अन् तिच्याच पायापाशी उपडा केला.

"तुमच्या हातचं पानी? आमच्याकडं जनावरं बी तोंड लावनार न्हाईत."

म्हातारी रागावली न्हाई. सांडल्या पान्याकडं बघत राह्यली. मंग म्हनली, "बरं. मीच येते तुमच्याकडं."

"ये की! दुकानापुढचा उकिरडा काढाया बाई लागतीच."

निघाला. उतार असून गाडी ओढंना. मागचं चाक दबलेलं. उतरून बघितलं तर हवा भरलेली. परत बसला. परत दबलं.

फाट्यावर सटवा नावाचा मेंढक्या मेंढरं बसवून होता. संगमेशनं गाडी थांबवली.

"काय बे, वरच्या वस्तीवर एकच थेरडी हाय का?"

"वरची वस्ती दसऱ्यालाच ऊसतोडीला गेली. मागं बायडाबाई राह्यलती एकली. ती तर..."

सटवा संगमेशकडं बघतच नव्हता. त्याच्या खांद्यामागं बघत होता.

"ती तर काय?"

कुत्रं केकाटलं. सटवा मागं सरला.

"ती दिवाळीतच गेली... मीच अग्नी दिला तिला... पानी पाजाया कुनी नव्हतं जवळ... तिला कशाला संगं आनलंस?"

संगमेशनं मागं बघितलं न्हाई.

मान वळंना...

घरी कसा आला, त्याला ठावं न्हाई. अंग तापलेलं. आईनं जाकीट काढलं. त्याची चेन गळ्यापोत लावलेली व्हती. वरनं जाकीट साफ. कुठं डाग न्हाई. आईनं ते उलटं केलं...

आतल्या अस्तरावर, पाठीच्या मधोमध, राखंचा पंजा.

पाचही बोटं पसरलेली.