कंसमावशीचा आवाज

जिन्याच्या वळणावर तो माझ्यावर आदळला, तेव्हा त्याच्या खांद्यावर चेंडूंनी भरलेलं जाळं होतं. ते सुटलं. चेंडू टप्पे घेत खाली निघाले आणि त्यांच्या मागोमाग मी तपासायला घेतलेल्या सातवीच्या वह्या. मी रागवायला तोंड उघडलं आणि... नुसती हवा! सकाळपासून खरखरणारा घसा नेमका तिथेच बसला.

"बोला ना, चूक माझीच आहे," खेळाचे नवे सर म्हणाले.

मी डोळे वटारले.

"बापरे! यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं."

घशाच्या डॉक्टरांनी दम दिला — रविवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आणि शुक्रवारी शिक्षणाधिकारी माझा बीजगणिताचा तास बघायला येणार होते. माझी नोकरी कायम होणार की नाही, ते त्या तासावर ठरायचं होतं.

"तुम्ही फळ्यावर लिहा," मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा काढला, "आणि बोलतील आपले खेळाचे सर. त्या तासाला तेच मोकळे असतात."

"गणित मला शाळेतच सोडून गेलं हो बाई," तो काकुळतीला आला. "भांडण नाही काही. पण तेव्हापासून येणं-जाणं नाही."

मुलं माझ्या पाठीमागे मला कंसमावशी म्हणतात. कंस सोडवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, म्हणून. त्या कंसमावशीची पहिल्याच तासाला पार रया गेली. 'सरूप पदं एकत्र करा' हे सांगायला मी दोन्ही हात जुळवले.

"बाई नमस्कार करतायत. उभे राहा!" सर गरजले. अख्खा वर्ग उठला.

उत्तर शून्य, म्हणून मी अंगठा आणि बोट जोडून दाखवलं.

"बाई म्हणतात, झकास!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"बाईंचं डोकं दुखतंय. गप्प बसा रे!"

घरी आई मात्र खुशीत. तिने त्याच संध्याकाळी फोनवर मावशीच्या ओळखीतल्या एका दंतवैद्याला रविवारी मला बघायला, चहाला बोलावून टाकलं. मी दोन्ही हात हलवून नको नको केलं.

"नाही म्हणालीस?" आईने निरागसपणे विचारलं. "मला तर काही ऐकू आलं नाही बाई."

मग रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आमची तालीम सुरू झाली. तो पहिल्या बाकावर लांबलचक पाय कसेबसे दुमडून बसायचा. बाहेर पाऊस रिपरिपत असायचा, आणि मी फळ्यावर लिहायचे.

"तीन ए अधिक दोन बी... पाच एबी!" तो छाती फुगवून म्हणाला.

मी मान हलवली. लिहिलं — 'ही सरूप नाहीत. एकमेकांत मिसळत नाहीत.'

"मग करतात काय बिचारी?"

'शेजारी शेजारी उभी राहतात. मधे अधिक घेऊन.'

"म्हणजे आपल्यासारखी," तो सहज बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे — गणित आणि खेळ... असं."

माझ्या हातातला खडू पडला. उचलायला दोघंही वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं. त्याने माझं कपाळ चोळायला हात पुढे केला... मग स्वतःचंच चोळलं.

गुरुवारी गाडी वजाच्या कंसापाशी अडली. कंसाआधी वजा असला की कंस सोडवताना आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. मी तीनदा लिहून दाखवलं. तो डोकं खाजवत बसला, आणि एकदम उडी मारून उठला.

"दाराशी वजा उभा असेल तर बाहेर पडताना सगळ्यांनी उलटं व्हायचं? अहो, हे तर कवायतीतलं 'मागे फिर' झालं!"

त्याच्याकडे बघताना मी फळा पुसायला विसरले.

शुक्रवारी शिक्षणाधिकारी मागच्या बाकावर येऊन बसले. मी फळ्यावर लिहिलं — पाच एक्स वजा कंसात दोन एक्स वजा तीन. पाच मुलं पुढे आली. एक मुलगी 'पाच एक्स'चा पुठ्ठा घेऊन बाजूला उभी राहिली. दोघं हात वाकवून कंस झाली. आतल्या दोघांच्या छातीवर पुठ्ठे होते, 'अधिक दोन एक्स' आणि 'वजा तीन'. पाठीवर नेमकी उलटी चिन्हं.

"कंस उघड!" सर कडाडले. "मागे फिर!"

आतली दोघं गर्रकन फिरली. वर्ग एका सुरात ओरडला, "वजा दोन एक्स, अधिक तीन!" पाच एक्सवाली मुलगी धावत येऊन वजा दोन एक्सला चिकटली. उत्तर, तीन एक्स अधिक तीन.

"हा तास गणिताचा आहे की कवायतीचा?" अधिकारी उठले. त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं — सात वाय वजा कंसात चार वाय वजा पाच.

मुलं वह्यांवर वाकली. काही जण बसल्या जागी अर्धवट 'मागे फिर' करून बघत होते. अधिकारी बाकाबाकावरून फिरले. जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर होतं — तीन वाय अधिक पाच.

"बाई, तुमची नोकरी पक्की समजा," ते जाताना म्हणाले. "घसा सुटला तरी या सरांना सोडू नका."

मी मान डोलावली. जरा जास्तच जोरात.

रविवारी मी त्याला निरोप धाडला — 'पाच वाजता घरी या. दुभाषा हवा आहे.' तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"हे कोण?" आईने विचारलं.

"मी यांचा... आवाज."

दंतवैद्य भला माणूस होता. त्याने हसून मला विचारलं, "तुमच्या मनात काय आहे, मोकळेपणाने सांगा."

मी हळूच आडवी मान हलवली.

"बाई म्हणतात," आवाजाने घसा साफ केला, "तुम्ही सज्जन आहात, दातही छान आहेत, दुसरीकडे तुमचं नक्की जमेल, पण इथे नको."

"नुसती मान हलवली तिने!" आई कडाडली. "एवढं सगळं कुठून आलं? बरं, मग तिला कोण हवाय, तेही सांगा."

मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

त्याने बोटाकडे पाहिलं. मागे वळून भिंतीकडे पाहिलं. "बाई म्हणतात... खिडकी लावा."

"अहो, नाही," दंतवैद्य शांतपणे म्हणाला. "तुम्ही. त्या तुम्हालाच म्हणतायत."

स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळायला लागलं. तो ताडकन उभा राहिला. "मला... मलाही, म्हणजे केव्हापासूनच... मी निघू का?"

घशाच्या डॉक्टरांचा दम गेला उडत! "बसा ना," मी म्हणाले. आवाज घोगरा होता, पण माझा होता.

तो बसला. आईही बसली. दंतवैद्य तर बसलेलाच होता, कारण चहा अजून यायचा होता.